बुंधा गेला, झाड राहिले: ठाण्यातल्या एका जेड बोन्सायचे प्रकरण

हे प्रकरण लिहायला काकूंनी आनंदाने परवानगी दिली. अट एकच घातली, नाव नको आणि सोसायटी ओळखू येता कामा नये. म्हणून घराबद्दलचे एकदोन तपशील मी बदलले आहेत. झाडाच्या बाबतीत मात्र काहीच बदललेले नाही. मापे आणि तारखा काकूंच्या वहीतून जशाच्या तशा घेतल्या आहेत. ही वही नसती तर हे लिहिताच आले नसते.

पार्श्वभूमी

काकू बँकेतून निवृत्त झालेल्या. नौपाड्यात तीन मजल्यांची जुनी इमारत, वर मोकळी गच्ची. २०११ मध्ये त्यांनी ओळखीतल्या एका बाईंकडून जेडची बोटभर काडी आणून मातीच्या कुंडीत खोचली. नर्सरीत ‘जेड’ या एकाच नावाने दोन वेगळी झाडे विकली जातात, म्हणून आधी तेवढे स्पष्ट करतो. जाड, मोठ्या, चमकदार पानांचे जेड म्हणजे क्रासुला ओव्हाटा. नखाएवढ्या गोल पानांचे, लालसर तपकिरी फांद्यांचे जेड म्हणजे पोर्तुलाकारिया आफ्रा. काकूंचे हे दुसरे. बोन्सायला हेच जास्त सोयीचे पडते. पान मुळातच लहान असल्यामुळे वीतभर झाडही मोठ्या वृक्षासारखे दिसते, आणि छाटले की जवळच्या पेरातून हमखास फुटते.

हे झाड मूळचे दक्षिण आफ्रिकेतले. ईस्टर्न केपच्या कोरड्या झुडपी जंगलात ते माणसाच्या दुप्पट उंच वाढते आणि हत्ती ते आवडीने खातात. हत्ती शेंड्याकडून खात येतो. खाली मोडून पडलेल्या आणि जमिनीला टेकलेल्या फांद्या तिथेच मुळे धरतात आणि झाड आडवे पसरत जाते. पुढे आम्ही जो निर्णय घेतला त्याला आधार याच गोष्टीचा होता.

२०२२ च्या उन्हाळ्यात झाड ३८ सेंटीमीटर उंच होते. मातीलगत बुंध्याची जाडी ७ सेंटीमीटर होती. मातीपासून साडेसात सेंटीमीटरवर उजवीकडे पहिली फांदी, तिच्यावर डावीकडे दुसरी, मग मागची. बोन्सायच्या पुस्तकात काढून दाखवावी अशी ही मांडणी बरीचशी आपोआप जमून आली होती. गच्चीवरच्या उन्हाचा आणि काकूंच्या हाताचा तो गुण. पाणी घालायची त्यांची रीत साधी होती. खालच्या फांदीचे एक पान चिमटीत धरायचे. ताठ असेल तर पाणी नाही, मऊ लागले तर द्यायचे. अकरा वर्षांत त्यांना यापेक्षा जास्त काही करावे लागले नव्हते.

त्या वर्षी इमारत पुनर्विकासाला गेली. बिल्डरने भाडे दिले आणि काकू-काका घोडबंदर रोडला मानपाड्याजवळ चौदाव्या मजल्यावर राहायला आले. बाल्कनी पश्चिमेला, समोर येऊरचे डोंगर. सामान हलवताना टेम्पोत जेडच्या कुंडीचा काठ फुटला. काकूंकडे एक सुंदर निळसर उथळ ट्रे होता, कधीतरी यात लावू म्हणून बरीच वर्षे जपून ठेवलेला. त्यांनी मला फोन केला, “तू येऊन एकदाचे लावून दे बाबा.” मी हौशी बोन्सायवाला, वीस वर्षे हेच करतो आहे. २८ मे रोजी गेलो आणि लावून दिले.

काय केले ते नीट सांगतो, कारण सगळ्याचे मूळ तिथेच आहे. एक तृतीयांश मुळे कापली. ट्रेची खोली पाच सेंटीमीटर. मिश्रण लाल माती, शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असे समसमान, वर दोन मुठी रेती. लावून झाल्यावर झारीने पाणी घातले, भोकांतून स्वच्छ पाणी येईपर्यंत. वड, उंबर, चिंच यांच्यासाठी हीच रीत बरोबर आहे. कापलेल्या मुळांना लगेच पाणी मिळाले नाही तर ती झाडे माना टाकतात. माझ्या हाताला तीच सवय होती. समोरचे झाड त्या जातीचे नाही हे माहीत असूनही हात सवयीने चालला.

अडचण

हवामान खात्याच्या २०२० पासूनच्या सुधारित तारखांनुसार मुंबई परिसरात पाऊस पोहोचायची सर्वसाधारण तारीख ११ जून आणि परत फिरायची ८ ऑक्टोबर. म्हणजे मुळे कापल्यापासून पावसाळ्यापर्यंत झाडाला जेमतेम दोन आठवडे मिळणार होते. चौदाव्या मजल्यावर पश्चिमेचा पाऊस वरून पडत नाही, तो समोरून आत येतो. काकूंनी वेळीच ओळखून ट्रे कठड्यापासून उचलला आणि आतल्या भिंतीला लावून कोपऱ्यात ठेवला.

९ जुलैला फोन आला, “पाने गळतायत. पिवळी होऊन नाही, हिरवीच्या हिरवी. हात लागला तरी पडतात.”

दुसऱ्या दिवशी आषाढी एकादशी होती. काकूंनी दारातच खिचडीची बशी हातात दिली, पण त्यांचे लक्ष माझ्या चेहऱ्याकडे होते. बांबूची काडी मातीत खुपसून काढली तर टोकापर्यंत काळी ओली. मागच्या बाजूने बुंध्यावर अंगठा दाबला, तो सालीसकट आत गेला. बोटाला आंबूस, डबक्यासारखा वास आला.

“अरे, मी पंधरा दिवसांत थेंबभर पाणी घातलेले नाही,” काकू म्हणाल्या. आणि त्या खोटे बोलत नव्हत्या, वहीत तशी नोंद होती. पावसाचे शिंतोडे त्या कोपऱ्यापर्यंत येत नव्हते. मग ओल कुठून?

उत्तर दोन दिवसांनी काकांना रात्री मिळाले. त्यांना झोप लागत नव्हती आणि बाल्कनीतून टप टप आवाज येत होता. वरच्या मजल्यावरच्या एसीची पाण्याची नळी ग्रिलच्या बाहेर अर्धवट लोंबत होती. रात्रभर तिचे पाणी ग्रिलच्या आडव्या पट्टीवर पडायचे, पट्टीवरून सरकत कोपऱ्यात यायचे आणि थेट ट्रेमध्ये गळायचे. पावसापासून सुरक्षित म्हणून शोधलेली जागा नेमकी तीच निघाली. रोज रात्री पाणी आणि दिवसा ढग, असे बहुधा दोन आठवडे चालले होते.

इथे झाडाच्या आत काय चालते ते समजून घेतले पाहिजे. मांसल झाडे पानांत आणि खोडात पाणी साठवतात. पोर्तुलाकारिया पाणी मुबलक असेल तेव्हा बहुतेक झाडांसारखे दिवसा कर्बवायू घेते आणि टंचाई आली की रात्री पर्णछिद्रे उघडण्याच्या पद्धतीवर जाते. दोन्ही प्रकारांत ते पाणी जपून वापरते. त्यात हवा दमट, ऊन नाही, मुळे कापलेली. झाड पाणी ओढतच नाही आणि कोकोपीट ते सोडत नाही. मातीतली हवा संपते, कापलेली टोके बंद झालेली नसतात, बुरशी तिथून आत शिरते आणि पाण्याने भरलेल्या खोडातून भरभर वर चढते. वडाचे मूळ कुजले तर महिनाभर तरी हाताशी असतो. इथे आठवडाही मिळत नाही.

उथळ ट्रेचा दोष वेगळा सांगायला हवा. उथळ भांड्यात माती लवकर वाळते असा समज आहे. उन्हात ते खरे आहे. पण भांडे कोणतेही असो, पाणी निथळून गेल्यावर तळाशी थोडा थर पूर्ण ओला राहतोच, आणि त्याची जाडी भांड्याच्या खोलीवर नाही, मातीच्या कणांवर ठरते. बारीक मातीत तो थर जाड असतो. बारा इंची कुंडीत मुळे त्याच्या वर राहत होती. पाच सेंटीमीटरच्या ट्रेमध्ये त्यांना वर सरकायला जागाच नव्हती.

पर्याय

एकादशीच्या दुपारी जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून आम्ही बोललो. एक मार्ग म्हणजे झाड घरात घ्यायचे, पंखा लावायचा आणि वाट पाहायची. हा मी लगेच बाजूला ठेवला. खोडात शिरलेली सड माती वाळवून थांबत नाही.

दुसरा मार्ग झाड उपटून कुजलेली मुळे आणि बुंध्याचा मऊ भाग कोरून काढायचा आणि कोरड्या मिश्रणात परत लावायचे. बुंधा वाचण्याची शक्यता यात होती, आणि बोन्सायमध्ये बुंधा म्हणजे वय. बुंध्याभोवती मातीवर दिसणारी मुळांची ती पसरट बैठक, नेबारी म्हणतात ती, अकरा वर्षांत तयार झाली होती.

तिसरा मार्ग सर्वांत निर्धोक. वरच्या निरोगी फांद्यांच्या काड्या करून लावायच्या आणि खोडाची आशा सोडायची. काड्या जगणार यात शंका नव्हती. पण मग पुन्हा २०११ पासून सुरुवात. काकूंचे वय तेव्हा सदुसष्ट. त्या मोठ्याने काही बोलल्या नाहीत, पण हा पर्याय सांगितल्यावर उठून आत गेल्या.

चौथा मार्ग सड जिथे संपते तिथे बुंधा आडवा कापायचा आणि वरचे अख्खे झाड एक मोठी काडी समजून त्याला नव्याने मुळे फुटू द्यायची. जुन्या बोन्सायवाल्याला हे वेडेपणाचे वाटेल. सहा सेंटीमीटर जाडीचे चिंचेचे खोड असे कापले तर ते सरपण होते. पण हे झाड हत्तीने मोडलेल्या फांदीतून उभे राहणारे. दक्षिण आफ्रिकेत उजाड झालेल्या जमिनीवर याची लागवड करतात ती याच्या तोडलेल्या फांद्या थेट मातीत रोवून.

एका मित्राने फोनवर आणखी एक सुचवले: कुजलेला भाग कोरून तसाच पोकळ ठेवा, जुन्या झाडावर असते तशी ‘शारी’, म्हणजे खोडावरचे साल गेलेले उघडे मृत लाकूड, दिसेल. हे जुनिपरसारख्या सूचिपर्णी झाडाला शोभते, कारण त्याचे मेलेले लाकूड टणक आणि राळेचे असते, वर्षानुवर्षे टिकते. जेडचे खोड आतून ओल्या स्पंजसारखे. त्यात मृत लाकूड टिकत नाही, ते फक्त कुजायचे थांबते किंवा थांबत नाही.

पहिला निर्णय: बुंधा वाचवायचा प्रयत्न

आम्ही दुसरा मार्ग घेतला. झाड उपटले, काळी मुळे कापली, मागचा मऊ भाग चमच्याने कोरला, गंधकाची भुकटी लावली. कोरड्या विटांच्या चुऱ्यावर झाड बसवून हॉलमध्ये आणले. काकांनी वरच्या मजल्यावर जाऊन शांतपणे सांगितले. त्या लोकांनी दुसऱ्याच दिवशी नळी लांबवून घेतली.

हा निर्णय मनाने घेतलेला होता. मला त्या दिवशीच चौथा मार्ग दिसत होता, पण तो बुंधा कापायला माझा हात धजला नाही, आणि काकूंच्या डोळ्यांकडे बघून तर नाहीच. चार दिवसांनी, १४ जुलैला संध्याकाळी, सड पुढच्या बाजूला आली होती.

दुसरा निर्णय: कुठे कापायचे

पूर्ण प्रकरणात सगळ्यात अवघड क्षण हा होता.

दोन सेंटीमीटरवर पहिला काप घेतला. आत सालीलगत तपकिरी कडे, मधोमध काळपट ठिपके. चारवर दुसरा काप. कडे अर्धेच, पण होते. प्रत्येक कापानंतर सुरी स्पिरिटने पुसली, नाहीतर सड आपणच वर नेतो. साडेसहावर तिसरा काप घेतला आणि काकूंनी मोबाइलचा टॉर्च धरला. काप हिरवट पांढरा, ओला, काकडीच्या चकतीसारखा स्वच्छ होता. फक्त कडेला टाचणीच्या डोक्याएवढा एक तपकिरी बिंदू.

वर एक सेंटीमीटरवर पहिली फांदी. तिच्या वर कापले असते तर शंकेला जागा उरली नसती, पण झाडाची रचनाच गेली असती. खाली ठेवले तर तो बिंदू आत राहतो. मी काकूंना दोन्ही बाजू सांगितल्या. त्यांनी थोडा वेळ त्या चकतीकडे बघितले आणि विचारले, “तेवढाच कोरून निघेल का?” सुरीच्या टोकाने बिंदूभोवती हरभऱ्याएवढा खड्डा कोरला. खड्ड्याचा तळ स्वच्छ निघाला. तिथेच थांबलो.

हमी म्हणून शेंड्याकडच्या सहा काड्या वेगळ्या काढून ठेवल्या. तिसरा मार्ग चौथ्याच्या पोटात बसतो हे आम्हाला इतक्या उशिरा सुचले याचे मला अजून आश्चर्य वाटते.

कापलेले झाड काकूंनी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवले. सहज म्हणून केलेली ही गोष्ट पुढे फार उपयोगी पडली. वजन १ किलो ३४० ग्रॅम.

वाळवण आणि न घातलेले पाणी

मांसल झाडाची जखम आधी वाळली पाहिजे, मग माती. पुस्तके आठवडाभर पुरे म्हणतात. ठाण्यात जुलैमध्ये पापड वाळत नाहीत, तिथे आठवडा कसला पुरतो. काप गंधकाने माखून झाड मोठ्या वाडग्यात तिरके ठेवले, टेबलफॅन मंद गतीवर दिवसभर. पाचव्या दिवशी काप चिकटच होता. दहाव्या दिवशी कडेने पांढुरकी कोरडी कड आली. सोळाव्या दिवशी नखाने टिचकी मारल्यावर पुठ्ठ्यासारखा आवाज आला.

या सोळा दिवसांत काकूंचा जीव खालीवर होत होता. पाने सुरकुतली, कडा आत वळल्या. रोज फोन, “आता तरी शिंपडू का थोडे?” मी एक दिवस म्हटले, वजन करा. ३० जुलैला वजन भरले १ किलो २१० ग्रॅम. म्हणजे सोळा दिवस मुळांशिवाय, पाण्याशिवाय, पंख्याखाली राहून झाडाने १३० ग्रॅम पाणी गमावले होते, एकूण वजनाच्या दहा टक्क्यांच्याही आत. पाने घाबरवत होती, पण काटा धीर देत होता. त्या आकड्यानंतर काकूंनी पुन्हा शिंपडण्याचे नाव काढले नाही.

३० जुलैलाच ते खोल मातीच्या कुंडीत बसवले. मिश्रणात विटांचा चुरा आणि पर्लाइट (हलके, पांढरे, सच्छिद्र खडे), कण तीन ते सहा मिलिमीटरचे, चाळून आणि धुऊन वाळवलेले. माती नाही, कोकोपीट नाही. झाड हलू नये म्हणून सुतळीने कुंडीच्या काठाला तीन ताण दिले, कारण फुटू लागलेले मूळ हलले की तुटते. पाणी पहिल्यांदा २० ऑगस्टला घातले, अर्धी वाटी. गणपतीच्या आदल्या दिवशी, ३० ऑगस्टला, काकूंनी जुन्या सवयीने खालचे पान चिमटीत धरले. ते ताठ होते. शेंड्याला दोन लालसर डिऱ्या फुटल्या होत्या. त्या वर्षी आरतीला आम्ही सगळे त्यांच्याकडे होतो, आणि येईल त्याला आधी बाल्कनीत नेले जात होते.

सहा काड्यांपैकी पाच जगल्या.

तिसरा निर्णय: नवे रूप

फेब्रुवारी २०२३ मध्ये हवा कोरडी झाल्यावर झाड हळूच उचलून पाहिले. कापाच्या कडेने सात मुळे फुटली होती, त्यांतली पाच डाव्या बाजूला. आधी झाड उभे, किंचित नागमोडी होते. आता मुळांची ताकद एकीकडे, आणि खोडाचा खालचा रुंद भाग गेल्यामुळे सरळ उभे केले तर ते खांबासारखे दिसत होते. उजवीकडे साधारण तीस अंश कलते लावले तेव्हा डावीकडची पाच मुळे दोरांसारखी ताणलेली दिसली. वाऱ्याला तोंड देत उभे राहिलेल्या झाडाचे रूप, शाकान, त्याला शोभले. रूप मुळांनी सुचवले, मी कबूल केले.

पण कलल्यामुळे पहिली फांदी जमिनीकडे झुकली आणि ती उचलून आडवी करणे भाग होते. इथे मी दुसऱ्यांदा चुकलो. मार्चमध्ये तीन मिलिमीटरची ॲल्युमिनियमची तार गुंडाळून फांदी वळवायला घेतली. आदल्याच दिवशी पाणी घातलेले होते. फांदी टम्म भरलेली. सांध्याशी खट्‌ आवाज झाला आणि फटीतून स्वच्छ पाण्याचे थेंब आले. पट्टीने बांधून पाहिले, बाराव्या दिवशी ती गळून पडली. जिच्यासाठी आम्ही तो तपकिरी बिंदू आत ठेवायचा धोका पत्करला होता, तीच फांदी.

काकू रागावल्या नाहीत. त्यांनी ती उचलून सावलीत ठेवली, आठ दिवसांनी कुंडीत खोचली, आणि मूळ धरल्यावर माझ्या हातात दिली. ती आज माझ्या खिडकीत आहे.

त्यानंतर या झाडाला तार लावलेली नाही. छाटणीनेच आकार देतो, आणि या जातीत ते विलक्षण सोपे आहे. पानांच्या जोड्या एकाआड एक काटकोनात असतात: एक जोडी डावी-उजवी, पुढची वर-खाली. शेंडा खुडला की शेवटच्या जोडीच्या बगलांतून दोन फुटवे येतात, ती जोडी ज्या दिशेला असेल त्या दिशेला. म्हणजे फांदी आडवी पसरवायची असेल तर डाव्या-उजव्या जोडीच्या वर खुडायचे. वर-खाली जोडीवर खुडले तर एक फुटवा आकाशाकडे जाणार आणि दुसरा जमिनीकडे. काप पेराला टेकून घ्यायचा नाही, थोडा खुंट ठेवायचा, तो आपोआप पेरापर्यंत वाळून गळतो. हे काकूंना एकदा दाखवले, त्यानंतरची जवळजवळ सगळी छाटणी त्यांची आहे. फांदी खाली आणायचीच असेल तर सात-आठ दिवस पाणी तोडून ती लवचीक होऊ द्यायची आणि मऊ दोरीने दर आठवड्याला थोडा थोडा ताण वाढवायचा. तारेचा वळ या सालीवर दोनतीन आठवड्यांत उमटतो आणि सहज जात नाही.

परिणाम

गळलेल्या फांदीच्या खुणेजवळ मे २०२३ मध्ये मोहरीएवढा कोंब दिसला. आज ती फांदी पेन्सिलीएवढी जाड आहे आणि पहिल्यापेक्षा चांगल्या जागी आहे, खोडाच्या बाहेरच्या वळणावर. झाडाची उंची ३३ सेंटीमीटर, मातीलगत जाडी सहाच्या किंचित वर. जुन्या नेबारीची भव्यता नाही. ती पुन्हा यायला बरीच वर्षे जातील. कापाची वर्तुळाकार कड वाकून पाहिले तर अजून दिसते.

झाड २०२४ च्या फेब्रुवारीत पुन्हा ट्रेमध्ये गेले, निळ्या नव्हे, त्याहून खोल, साडेनऊ सेंटीमीटरच्या. मुळे जेमतेम टोकांना कापली आणि लावल्यावर आठ दिवस पाणी घातले नाही.

वेगळे काय करता आले असते

मेच्या अखेरीस मुळांना हात लावायलाच नको होता. फुटलेली कुंडी दोरीने बांधून पावसाळा काढता आला असता, किंवा मातीच्या गड्ड्याला धक्का न लावता तो तसाच मोठ्या कुंडीत सरकवता आला असता. घर बदलले, भांडे बदलले, मुळे कापली आणि ऋतू पालटला, हे चारही धक्के पंधरा दिवसांत बसले. एकेकटा कोणताही त्याने सहज सोसला असता.

ठाण्याची हवाच या झाडाला मानवत नाही, असा निष्कर्ष काही जण काढतात, तो मला पटत नाही. फ्लोरिडात फोर्ट पियर्सच्या हीथकोट बोटॅनिकल गार्डनमध्ये जेम्स स्मिथ यांचा बोन्सायसंग्रह आहे. या जातीला बोन्साय म्हणून मान मिळवून देण्यात त्यांचा मोठा वाटा, आणि तिथला उन्हाळाही दमट आणि पावसाचाच. दमट हवा झाड सोसते. साचलेले पाणी सोसत नाही. गच्चीवर अकरा पावसाळे त्याने उघड्यावर काढले होते, खोल कुंडीत, न कापलेल्या मुळांवर आणि पाऊस थांबताच मिळणाऱ्या उन्हात.

नव्या घरात झाडाची जागा ठरवण्याआधी ती रात्री बघायला हवी होती. दिवसा कोपरा कोरडाच होता.

एकादशीला थेट चौथा मार्ग घेतला असता तर काप बहुधा चार सेंटीमीटरच्या आसपास थांबला असता. चार दिवसांची ती किंमत आहे. काकू म्हणतात की प्रयत्न केला नसता तर रुखरुख राहिली असती. त्यांचे म्हणणे मी खोडून काढू शकत नाही, पण पुढच्या वेळी मी थांबणार नाही.

पहिल्या फांदीखाली कापायचा निर्णय बरोबर होता का, यावर आमचे अजून एकमत नाही. ती फांदी तर गेलीच. पण तिच्याखालचा तो एक सेंटीमीटर होता म्हणून सात मुळांना बसायला जागा मिळाली आणि नवा कोंब यायला पेर उरले. बिंदूच्या जागी पुन्हा सड आली असती तर मात्र उरलेल्या पाच काड्यांवरच समाधान मानावे लागले असते. आज ती वेळ आली असती तर मी फांदीच्या वर कापले असते. काकूंनी नसते कापू दिले.

२०२५ मध्ये त्या नौपाड्यात परतल्या, त्याच जागी उभ्या राहिलेल्या नव्या इमारतीत, नवव्या मजल्यावर. बाल्कनी पूर्वेची. झाड नेण्याआधी काका आठ रात्री तिथे खुर्ची टाकून बसले होते, वरून काही गळते का ते ऐकत. ५ जूनला काकूंनी ट्रे आत घेतला, वजनकाट्यावर ठेवला आणि वहीत आकडा लिहिला. आता ऑक्टोबरपर्यंत दर रविवारी एक आकडा.